वीस वर्षांच्या अलीकडे की पलीकडे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : हे गृहस्थ नौदलात वैमानिक आहेत. गाव डिचोली तालुक्यात, वय ४०, हुद्दा कमांडर, कायम कमिशनवर १७ वर्षांची सेवा पूर्ण. आधी डॉर्निअर आणि आता सागरी टेहळणीची पी-८आय विमाने ते उडवतात. सध्या नेमणूक दाबोळीच्या आयएनएस हंसावर असून कुटुंब वास्कोला वरुणापुरीत सरकारी निवासस्थानात राहते. पत्नी शिक्षिका आहेत, दोन मुले शाळेत आहेत आणि पर्वरीला घेतलेल्या फ्लॅटचे ५५ लाखांचे कर्ज बाकी आहे. बरोबरीचे काही अधिकारी नौदल सोडून प्रवासी विमान कंपन्यांत गेले असून, ‘तू इथे राहून दरवर्षी लाखो रुपये सोडतो आहेस,’ असे ते सांगतात. पुढची बदली तामिळनाडूतील अरक्कोणम किंवा दिल्लीला होण्याची चिन्हे आहेत. आईवडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे; आपण जवळ राहावे असे त्यांना वाटते आणि नौदलातून बाहेर पडलो की गोव्यात राहता येईल, असे ते लिहितात. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) ड्युटीमुळे घरी जाता आले नाही, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) शेजारच्या मुलांनी बांधली, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली आहे. वडील निवृत्त शिक्षक असून ‘वर्दी अर्धवट टाकून यायचे नसते’ असे त्यांचे म्हणणे आहे. पत्नीशी त्यांनी अजून हा विषय काढलेला नाही, कारण आधी आकडे पक्के करायचे आहेत. प्रश्न असा की, आताच बाहेर पडण्याचा अर्ज द्यावा की वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा बहुतेक भाग पगाराच्या तुलनेने व्यापला आहे आणि डिचोलीच्या घराचा उल्लेख एका परिच्छेदात येऊन जातो. परंतु तुमच्या अस्वस्थतेचे मूळ मला त्या एका परिच्छेदात दिसते. म्हणून आधी पैशाचा हिशेब नीट मांडू आणि मग तो कशासाठी मांडायचा आहे, याकडे वळू.

‘दरवर्षी लाखो रुपये सोडतो आहेस’ हे मित्रांचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे मान्य केले आहे. ते तपासून घ्यायला हवे. सैन्यदलांतील कमिशनप्राप्त अधिकाऱ्याला पेन्शन मिळण्यासाठी २० वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नागरी सेवेत आलेल्यांना अंशदायी पेन्शन योजना लागू झाली, पण सैन्यदले तिच्यातून वगळली गेली. त्यामुळे तुमचे पेन्शन जुन्या पद्धतीचे, सरकारच्या हमीचे आणि महागाई भत्त्याबरोबर वाढत जाणारे आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर पूर्ण पेन्शनसाठीची ३३ वर्षांची अटही राहिली नाही. वीस वर्षे झाली की शेवटचे मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेसाठी मिळणारी ठरावीक रक्कम) यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून ठरते. म्हणजे वीस वर्षांच्या अलीकडे काहीही नाही आणि पलीकडे जवळजवळ सगळे आहे. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाने पेन्शन वाढते ती वार्षिक वेतनवाढीपुरती, साधारण तीन टक्क्यांनी. पैशाच्या दृष्टीने विसाव्या वर्षाकडे नेणारी ही तीन वर्षे तुमच्या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची आहेत, आणि नेमकी तीच तुम्हाला वाया चाललेली वाटत आहेत. जे मित्र बाहेर पडले, ते वीस वर्षांच्या कोणत्या बाजूने बाहेर पडले, हे त्यांना एकदा विचारून घ्यावे.

आता आकडे. ते तुमच्या पगारपत्रकाशी ताडून पाहावेत, कारण वेतननिश्चितीत थोडाफार फरक असू शकतो. कमांडरचा वेतनस्तर १२-ए हा १,२१,२०० रुपयांपासून सुरू होतो. तेराव्या वर्षी त्या स्तरावर आलेला अधिकारी विसाव्या वर्षी सुमारे १,४९,००० रुपये मूळ वेतनावर असतो. त्यात मिलिटरी सर्व्हिस पेचे १५,५०० रुपये मिळवले की १,६४,५०० होतात आणि पेन्शन ८२,२५० रुपये ठरते. जुलै २०२५ मध्ये लागू झालेल्या ५८ टक्के महागाई दराने ते दरमहा जवळपास १ लाख ३० हजारांवर जाते. पगारपत्रकात ठळकपणे दिसणारा फ्लाइंग अलाउन्स या हिशेबात धरला जात नाही, हे विसरू नये. अनेक वैमानिक हातात येणाऱ्या रकमेच्या निम्मे पेन्शन गृहीत धरतात आणि निवृत्तीच्या कागदपत्रांवर सही करताना निराश होतात.

ही रक्कम मित्रांच्या पगाराशेजारी ठेवून पाहू. समजा, आज बाहेर पडलात तर कर वजा जाता दरमहा दोन लाख रुपये जास्त मिळतील. हे मी तुमच्या मित्रांच्या बाजूने झुकून धरले आहे, कारण सुरुवातीचे महिने प्रशिक्षणात जातात आणि त्या काळात पूर्ण पगार मिळतोच असे नाही. तीन वर्षांत हा फरक ७२ लाखांचा होतो. दुसऱ्या पारड्यात आयुष्यभराचे १ लाख ३० हजारांचे पेन्शन आहे. त्यावर ३० टक्के कर गेला असे मानले तरी साडेसहा वर्षांत ते ७२ लाख भरून निघतात. तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल. पुढची सगळी वर्षे, आणि तुमच्या पश्चात पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन, ही या व्यवहारातील निव्वळ जमा आहे. शिवाय माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना त्यात मी धरलेलीच नाही. चाळिशी ओलांडलेल्या जोडप्याला खासगी आरोग्य विम्याचा हप्ता दरवर्षी किती वाढतो, हे पर्वरीतल्या कोणत्याही शेजाऱ्याला विचारले तर समजेल.

तुमच्या पत्रात न आलेला एक विषय मला येथे सविस्तर मांडायचा आहे, कारण तुमच्या कर्जाचे उत्तर त्यात आहे. सैन्यदलांतील निवृत्त अधिकाऱ्याला पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो, ज्याला सगळे कम्युटेशन म्हणतात. तुमच्या उदाहरणात निम्मा भाग म्हणजे ४१,१२५ रुपये. त्रेचाळिशीच्या वयाला लागणारा गुणक नऊच्या किंचित वर असल्याने हाती साधारण ४४ लाख ६० हजार रुपये येतात, तेही करमुक्त. त्याच्या बदल्यात १५ वर्षे दरमहा ४१,१२५ रुपये कमी मिळतात आणि त्यानंतर पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. मधल्या काळात महागाई भत्ता मात्र मूळच्या पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो. पुष्कळ जण ‘पंधरा वर्षांत ७४ लाख द्यायचे आणि घ्यायचे ४४, म्हणजे तोटाच’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो घाईचा आहे. या व्यवहारातील व्याजाचा दर काढला तर साडेसात टक्क्यांच्या आसपास येतो. आणि तुम्ही निवृत्तीनंतर विमान कंपनीत काम करणार असाल, तर नव्या कररचनेत २४ लाखांवरच्या उत्पन्नाला ३० टक्के कर लागतो. म्हणजे जे ४१,१२५ रुपये तुम्ही सोडता, त्यांतले तुमच्या हातात सुमारे २८,८०० रुपयेच येणार होते. त्या बदल्यात मिळालेल्या रकमेने गृहकर्जाचा मोठा भाग फिटतो. तेवढ्याच कर्जाचा पंधरा वर्षांचा हप्ता आठ टक्क्यांनी ४२ हजारांच्या वर जातो. पेन्शनरचा मृत्यू झाला तर कम्युटेशनची वसुली तिथेच थांबते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला कात्री लागत नाही, हेही लक्षात घ्यावे; बँकेचे कर्ज मात्र कुटुंबाच्या गळ्यात राहते. निवृत्तीनंतर नोकरीच करायची नसेल आणि कर कमी लागत असेल, तर हे गणित इतके सोपे राहत नाही. कर्जही नसेल आणि नोकरीही नसेल, अशा वाचकाला मी पूर्ण कम्युटेशनचा आग्रह करणार नाही.

त्यात ग्रॅच्युइटी मिळवा. वीस वर्षांच्या सेवेला दहा महिन्यांचे वेतन, महागाई भत्ता धरून, आणि जानेवारी २०२४ पासून कमाल मर्यादा २५ लाख. तुमचा आकडा त्या मर्यादेला टेकतो. कम्युटेशन आणि ग्रॅच्युइटी मिळून सत्तर लाखांच्या घरात रक्कम जमते. पर्वरीचे कर्ज तोवर उतरलेलेच असेल, ते संपून काही शिल्लक राहते, आणि डीएसओपी फंड (अधिकाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी) व रजेचा पगार हे वेगळे. असा, कर्ज नसलेला आणि दरमहा खात्रीचे उत्पन्न असलेला त्रेचाळीस वर्षांचा वैमानिक नोकरी निवडू शकतो; ५५ लाखांच्या कर्जाचा चाळीस वर्षांचा वैमानिक मिळेल त्या तळावर, मिळेल त्या अटीवर रुजू होतो.

प्रवासी विमान कंपन्यांबद्दल मला वाईट काहीच सांगायचे नाही. प्रामाणिक कष्टाचे, प्रतिष्ठेचे काम आहे. पण त्या क्षेत्राचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास तुमच्या हिशेबात नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, आणि प्रत्येक वेळी अनुभवी, परवानाधारक वैमानिक एका रात्रीत पगाराविना राहिले. २०२० च्या साथीत पगारकपात आणि बिनपगारी रजा जवळजवळ सर्वत्र आली. कंपनी बदलली की ज्येष्ठता बहुधा पुन्हा खालून सुरू होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडताना विमानाच्या कमांडरला म्हणजे कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला म्हणजे सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, त्याशिवाय प्रशिक्षणाचे बंधपत्र असते ते वेगळेच. नौदल सोडले की मोकळे झालो, ही समजूत म्हणूनच फारशी खरी नाही. आणि मित्रांच्या तोंडून येणारा पगाराचा आकडा बहुधा कॅप्टनचा असतो. सैन्यातून येणारा वैमानिक सहसा फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू होतो. कॅप्टनच्या आसनापर्यंत पोहोचायला एटीपीएल (प्रवासी विमानाचा मुख्य वैमानिक होण्यासाठीचा) परवाना, त्या प्रकारच्या विमानावरचे तास आणि कंपनीतील जागा हे तिन्ही जुळावे लागते.

तुमची एक बाजू मात्र भक्कम आहे. पी-८आय हे बोइंग ७३७-८०० च्या सांगाड्यावर उभे असलेले विमान आहे, आणि एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा, स्पाइसजेट यांच्याकडे ७३७ आहेत. म्हणून काही नागरी टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची मान्यता) आपोआप मिळत नाही, ते रीतसर करावेच लागते. पण दोन इंजिनांचे, दोन वैमानिकांचे जेट विमान वर्षानुवर्षे चालवल्याचा अनुभव मुलाखतीत आणि सिम्युलेटरमध्ये दिसून येतो. हा अनुभव पुढील तीन वर्षांत वाढणार आहे, कमी होणार नाही.

आता घराबद्दल. बाहेर पडलो की गोव्यात राहता येईल, हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि संपूर्ण पत्रात हेच गृहीतक मला सर्वांत कच्चे वाटते. मोठ्या कंपन्यांचे वैमानिकांचे मुख्य तळ दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद असे आहेत. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असले, तरी तिथे विमाने उतरणे आणि तिथे तुमचा तळ असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मुंबईचा तळ मिळाला आणि कुटुंब पर्वरीत ठेवले, तर सुटीच्या दिवसांतला एक तुकडा दर वेळी प्रवासात जातो. साप्ताहिक विश्रांती २०२५ पासून ३६ तासांवरून ४८ तासांवर आली, ही चांगली सुधारणा झाली. पण मुंबई ते डिचोली आणि परत, हे त्या ४८ तासांत बसवून पाहा. आणि चवथीचे म्हणाल, तर सण म्हणजे विमान कंपन्यांचा गर्दीचा हंगाम. नव्याने रुजू झालेल्या फर्स्ट ऑफिसरला त्या आठवड्यात सुटी मिळणे कठीणच असते. नौदलात वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि २० दिवसांची किरकोळ रजा आहे. ती सगळी पदरात पडत नाही हे मला ठाऊक आहे, पण नागरी नोकरीत तेवढी रजा नियमातच नसते. तुम्हाला खरोखर आईवडिलांजवळ राहायचे असेल, तर शोधण्याची नोकरी वेगळी आहे : मोपाहून एटीआर विमाने चालवणाऱ्या फ्लाय९१ सारखी प्रादेशिक कंपनी, उड्डाण प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षकाचे काम, विमानतळावरील सुरक्षा आणि परिचालनाची पदे. त्यांत पगार कमी असतो. पेन्शन हाताशी असलेल्या माणसाला तो परवडतो.

मधल्या तीन वर्षांत बदली झाली तर काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पी-८आयचे तळ अरक्कोणम आणि दाबोळी हे दोनच असल्याने बदलीला पर्यायही थोडेच आहेत. आईवडिलांची प्रकृती गंभीर असेल, तर सहानुभूतीच्या कारणावरून नेमणुकीची विनंती करण्याची सोय आहे आणि ती करण्यात कमीपणा नाही. गोमेकॉतले (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले) किंवा अन्य रुग्णालयातले कागद व्यवस्थित जोडून, वरिष्ठांना आधी तोंडी कल्पना देऊन अर्ज करावा. प्रकृती ठीक असेल, तर एक बदली कुटुंबाला गोव्यात ठेवून काढण्याचा विचार करावा. यातले काय झेपेल, हे तुम्ही एकट्याने ठरवू नये.

आणि येथे मला तुमच्या पत्रातील एका वाक्यावर थांबावे लागते : आधी आकडे पक्के करतो, मग पत्नीशी बोलतो. तुम्ही गोव्याचे आहात, लग्न गोव्यात नोंदवले आहे आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर इथल्या समान नागरी कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. पर्वरीचा फ्लॅट कागदावर तुमच्या एकट्याच्या नावावर असला, तरी निम्मा त्यांचा आहे आणि त्यांच्या संमतीशिवाय तुम्हाला तो विकता येत नाही. निवृत्तीच्या वेळी येणारे सत्तर लाखही याच संसाराची मिळकत आहे. जिथे निम्मा वाटा त्यांचा आहे, तिथे आकडे पक्के झाल्यावर त्यांना कळवणे पुरेसे नाही. आकडे त्यांच्यासोबत बसून मांडायला हवेत. शिवाय त्यांची नोकरी, मुलांच्या शाळा आणि वरुणापुरीतले निवासस्थान सोडण्याची वेळ, या तिन्ही गोष्टींबद्दल त्यांना जी माहिती आहे, ती तुमच्या तक्त्यात अजून आलेलीच नाही.

याच कायद्याचा करावरही परिणाम होतो आणि बाहेरगावचे करसल्लागार तो हमखास विसरतात. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली येणाऱ्या दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न, म्हणजे ठेवींचे व्याज, भाडे, भांडवली नफा, आयकर कायद्यानुसार पतिपत्नींत निम्मे निम्मे विभागले जाते. पगार आणि तुमचे स्वतःचे पेन्शन मात्र तुमच्याच नावे राहते. म्हणून निवृत्तीच्या रकमेतून ठेव करताना ती कोणाच्या नावावर ठेवली, याने गोव्यात करात फरक पडत नाही. विवरणपत्र मात्र त्यासाठीच्या योग्य नमुन्यात भरावे लागते. मृत्युपत्र करतानाही भान ठेवा : सक्तीचे वारस असताना स्वतःच्या हिश्श्याच्या निम्म्याहून अधिक मालमत्ता मनाप्रमाणे देता येत नाही. गोवा उत्तराधिकार कायदा २०१२ माहीत असलेल्या म्हापशाच्या किंवा पणजीच्या वकिलाकडून ते करून घ्यावे.

तीन वर्षे थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. परवान्याचे काम आताच सुरू करावे, कारण सध्या तुम्ही उडत आहात. परवान्यासाठी एकूण तासांबरोबर अलीकडच्या काळातील उड्डाणही लागते, आणि दिल्लीच्या टेबलावरची नेमणूक आली की तिथेच अडचण होते. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र हे पेपर द्यावेत, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा द्यावी. यांचे निकाल कायमचे चालत नाहीत, ठरावीक मुदतीतच वापरावे लागतात, म्हणून तारखा मागून मोजत आणाव्यात. लॉगबुक आजच उघडून बसावे. पायलट-इन-कमांडचे तास, सह-वैमानिकाचे तास, रात्रीची उड्डाणे, इन्स्ट्रुमेंटवरील उड्डाणे आणि क्रॉस-कंट्री उड्डाणे नागरी अर्जात वेगवेगळी दाखवावी लागतात. सैन्याचे लॉगबुक त्या रकान्यांचे नसते. दहा वर्षांपूर्वीच्या डॉर्निअरच्या फेऱ्यांचे वर्गीकरण करून सक्षम अधिकाऱ्याची सही घेणे, त्या स्क्वाड्रनमधले ओळखीचे लोक सेवेत असताना सोपे असते. एटीपीएलला १,५०० तास लागतात. तुमच्याकडे ते असावेत, पण कागदावर सिद्ध होणारे किती आहेत, ते पाहावे. नागरी प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणीही लवकर करून घ्यावी. पाठीचा किंवा श्रवणाचा काही त्रास असेल तर तो आता कळणे बरे, कारण संपूर्ण बेत त्या एका दाखल्यावर उभा आहे. असा त्रास लपवू मात्र नका, ना नौदलाच्या अखेरच्या वैद्यकीय मंडळापुढे, ना नागरी डॉक्टरांपुढे.

विम्याबाबत थोडक्यात सांगतो. नौदलाचे समूह विमा संरक्षण आणि बँकेच्या संरक्षण वेतन खात्यासोबतचा अपघात विमा सेवेशी बांधलेला असतो. बाहेर पडताना तो तसाच राहील, असे धरू नये. साधा मुदत विमा त्याआधीच घ्यावा, त्यात वैमानिक असल्याचे स्पष्ट लिहावे, हप्ता जास्त पडला तरी चालेल. विमा आणि गुंतवणूक एकत्र करणाऱ्या योजना घेऊ नयेत. नागरी नोकरी धरल्यावर परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा आहे का, हे नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी पाहावे, आणि एका वर्षाचा घरखर्च वेगळा काढून ठेवल्याशिवाय कर्जाच्या मुदतपूर्व फेडीत सगळी रक्कम घालू नये.

थांबण्याच्या बाजूने इतके लिहिल्यावर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. मुदतपूर्व निवृत्ती हा हक्क नाही. सेवेची गरज पाहून ती मंजूर होते आणि वैमानिकांना ती नाकारली जाऊ शकते. त्यामुळे विसाव्या वर्षीची तारीख पक्की धरून कोणत्याही कंपनीशी करार करू नका. नव्या विमानाचे किंवा परदेशातले प्रशिक्षण मिळाले, तर त्यासोबत सेवेचे बंधन किती वर्षांचे येते, हे स्वीकारण्यापूर्वी वाचा. ७ नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने, त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ योजनेतून वगळले आहे. त्याविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली गेली आहे, पण तुमचा हिशेब तो लाभ न धरताच मांडावा. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाची वाट पाहत वीसचे बावीस करू नका. वेतन आयोगांनी जुन्या पेन्शनधारकांचेही पेन्शन आजवर सुधारले आहे. आणि तीन वर्षांनंतर तुम्हाला नौदलातच कॅप्टनच्या हुद्द्याची संधी दिसत असेल, काम आवडत असेल, तर राहावेसेही वाटेल. तेव्हा राहण्याचा निर्णय मोकळेपणाने घ्या. कागदपत्रे तयार असणे म्हणजे जाणे ठरलेच, असे नाही.

तुमच्यासारख्याच इतरांसाठी दोन शब्द. शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कमिशनवर, असलेल्यांना हा वीस वर्षांचा टप्पा नसतो. त्यांना पेन्शन नाही, म्हणून वरचे गणित त्यांना लागू पडत नाही. त्यांनी पहिल्या वर्षापासून स्वतःची पुंजी उभारावी आणि परवान्याची तयारी मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी पूर्ण करावी. लढाऊ विमानांच्या वैमानिकांचे तास वयाच्या मानाने कमी भरतात, कारण त्यांची एकेक फेरी लहान असते. १,५०० तासांचा आकडा त्यांनी गृहीत धरू नये. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी प्रवासी विमानांच्या पगाराशी तुलना करण्यापूर्वी विमानाचा परवाना वेगळा आणि खर्चिक असतो हे पाहावे. त्यांच्यासाठी समुद्रातील तेलविहिरींकडे जाणाऱ्या सेवा अधिक जवळच्या आहेत.

राहता राहिले तुमचे बाबा. ‘अर्धवट’ या त्यांच्या शब्दाने तुम्ही दुखावले गेला आहात, असे पत्रावरून दिसते. वीस वर्षे पूर्ण करून, रीतसर मंजुरी घेऊन निघालेला अधिकारी काहीही अर्धवट टाकत नाही, आणि एका शिक्षकाला सेवापुस्तिका पूर्ण झाल्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तरीही त्यांना जुलैमध्ये कळवून ऑगस्टमध्ये अर्ज, असे करू नका. आधी पत्नीशी बोला, मग दोघांनी मिळून डिचोलीला जा आणि आईबाबांना तुमच्याकडून नेमके काय हवे आहे, ते विचारा. तुम्ही जवळ राहावे असे त्यांना वाटते, हे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी ते तसे म्हटल्याचे मात्र पत्रात कुठेच आलेले नाही. कदाचित त्यांना दवाखान्यात नेणारे कोणी हवे असेल, घराच्या कौलांची डागडुजी हवी असेल, किंवा पर्वरीच्या फ्लॅटमध्ये तुमच्याबरोबर राहायचेच नसेल. त्यांचे उत्तर ऐकल्यावर कोणत्या तळावरची नोकरी चालेल आणि कोणती नाही, हे तुमच्या तक्त्यातील पहिल्या ओळीत लिहा आणि पगाराचा रकाना त्यानंतर भरा.